विंडोज ११ वरून पुन्हा विंडोज १० वर येण्याची रीत

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागांतील छापखाने, डीटीपीची दुकाने आणि उद्यमबागेतील लहान कारखाने यांच्या संगणकांची देखभाल करताना मला अलीकडे सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच आहे : ‘विंडोज ११ आले, आता जुने परत आणता येईल का?’ या प्रश्नाला माझे उत्तर प्रत्येक वेळी एका उलट प्रश्नानेच सुरू होते, आणि तो म्हणजे अपग्रेड होऊन किती दिवस झाले. दहा दिवसांच्या आत असाल तर काम तासा-दोन तासांचे आहे, फाइली आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतात; अकरावा दिवस उजाडला असेल तर बहुधा हार्ड डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवावे लागते आणि त्यात पूर्ण दिवस जातो. म्हणून हा लेख वाचणाऱ्याने आधी अपग्रेडची तारीख शोधावी. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ या क्रमाने गेल्यास ‘इन्स्टॉल्ड ऑन’ या ओळीपुढे ती दिसते.

त्याआधी आपल्याला नेमके कशावरून मागे यायचे आहे, हे ठरवणे आवश्यक आहे, कारण ‘जुने परत आणा’ या एकाच वाक्यात लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात. पहिली गोष्ट मासिक अपडेटची. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा-अपडेटे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात आणि आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, त्यामुळे बिघाड झालाच तर तो बुधवारी सकाळी दुकान उघडताना दिसतो. मार्च २०२१ मध्ये विंडोज १० च्या अशाच एका अपडेटनंतर काही प्रिंटरांना छपाईची आज्ञा देताच संगणक बंद पडल्याचा निळा पडदा येत असे, आणि त्याची दुरुस्ती काही दिवसांतच आली. अशा वेळी संपूर्ण विंडोज बदलण्याचे काहीच कारण नसते. ‘विंडोज अपडेट’मधील ‘अपडेट हिस्टरी’ उघडून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ या यादीतून ताजे अपडेट काढावे आणि पुढील काही दिवस अपडेट थांबवून ठेवावे, एवढे पुरते. दुसरी गोष्ट विंडोज ११ च्याच वार्षिक आवृत्तीची, म्हणजे २४एच२ वरून २३एच२ वर येण्याची. तीही दहा दिवसांच्या याच वाटेने करता येते, परंतु २३एच२ या आवृत्तीच्या होम आणि प्रो या प्रकारांची सुरक्षा-अपडेटे ११ नोव्हेंबर २०२५ रोजी थांबलेली असल्यामुळे मी आता ती कोणाला सुचवत नाही. तिसरी गोष्ट विंडोज ११ सोडून विंडोज १० वर येण्याची, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

एका गैरसमजाचा निकाल येथेच लावलेला बरा. ‘रिसेट धिस पीसी’ हे बटण दाबले की संगणक विकत घेतला तेव्हाच्या विंडोजवर जातो, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. रिसेट केल्यावर आज जे विंडोज आहे तेच पुन्हा कोरे करून बसवले जाते; विंडोज ११ असेल तर विंडोज ११ च येते, आणि आपण बसवलेले सगळे प्रोग्राम मात्र जातात. मागे परतण्यासाठी ज्या जुन्या फाइली लागतात, त्याही या खटाटोपात नष्ट होतात.

परतण्याची खरोखर गरज आहे का, हेही एकदा तपासावे. छापखान्यातील तक्रार बहुतेक वेळा विंडोज ११ विषयी नसते. ती जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर (म्हणजे ते यंत्र विंडोजला ओळखून देणारा प्रोग्राम), मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचे डोंगल (म्हणजे ते चालण्यासाठी संगणकाला लावावी लागणारी किल्ली) किंवा पानाची मांडणी करण्याचे जुने पेजमेकर याविषयी असते. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची आहे, तरी आपल्याकडील यात्रापत्रिका आणि लग्नपत्रिका अजूनही तिच्यात जुळवल्या जातात. असा प्रोग्राम अडला तर त्याच्या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कम्पॅटिबिलिटी’ या भागात जुन्या विंडोजचा पर्याय निवडून पाहावा. डोंगल ओळखले जात नसेल तर ते बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचा नवा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. अर्ध्या तक्रारी येथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. ज्या मिटत नाहीत त्यांतील काही विंडोज १० वर येऊनही मिटणार नसतात, आणि त्याचे एक उदाहरण उद्यमबागेत नेहमी भेटते. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्राशी बोलणारा एखादा फार जुना, सोळा बिटांचा प्रोग्राम केवळ ३२ बिटांच्या विंडोजवर चालतो. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच निघालेली नाही. विंडोज १० ची आहे, पण आपल्या संगणकावर पूर्वी ६४ बिटांचे विंडोज १० असेल तर तेथेही तो प्रोग्राम चालत नव्हताच. अशा कारखान्याने त्या यंत्रासाठी जुना संगणक वेगळा ठेवून त्याला इंटरनेट न जोडणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

बॅकअप : फॉन्टांपासून सुरुवात

कोणत्याही वाटेने परतायचे असले तरी बॅकअप आधी घ्यावा, आणि तो दुसऱ्या डिस्कवर घ्यावा. त्याच डिस्कच्या ‘डी’ भागात प्रत ठेवणे म्हणजे विहिरीत पडू नये म्हणून दोर विहिरीतच ठेवण्यासारखे आहे, कारण विंडोज नव्याने बसवताना चुकीच्या भागावर क्लिक झाले की दोन्ही प्रती एकदमच जातात. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर सर्वांच्याच लक्षात राहतात. राहून जातात ते बाकीचे. टॅलीचा डेटा पुष्कळदा या फोल्डरांच्या बाहेर असतो आणि कंपनी निवडण्याच्या पडद्यावर त्याचा पत्ता दिसतो, तो पाहून तेथून प्रत घ्यावी. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, जीएसटीच्या कामासाठी लागणाऱ्या डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर, आणि कर्नाटक सरकारच्या सेवा देणाऱ्या ग्रामवन केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या बोटांचे ठसे घेण्याच्या यंत्राचा ड्रायव्हर यांचीही नोंद करून ठेवावी.

मराठी काम करणाऱ्या दुकानांत सर्वांत मोठी हानी फॉन्टची होते. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान अक्षरपद्धती रुळण्यापूर्वीच्या काळातील श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरांच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आतून रोमन चिन्हांचाच असतो. तो देवनागरी दिसतो तो केवळ त्या विशिष्ट फॉन्टमुळे. फॉन्ट गेला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते, आणि गिऱ्हाईक समोर बसलेले असताना ती निस्तरणे फार जड जाते. कन्नड कामासाठी ‘नुडी’ वापरणाऱ्यांनाही त्याच्या जुन्या फॉन्टांच्या बाबतीत हीच अडचण येते, आणि आपल्याकडील दुकानांत दोन्ही भाषांचे काम एकाच संगणकावर चालत असल्यामुळे ती दुप्पट होते. म्हणून ‘विंडोज’ फोल्डरातील ‘फॉन्ट्स’ या फोल्डरची प्रत घ्यावी. तेवढ्याने भागत नाही, कारण विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्टवर डबल-क्लिक करून बसवल्यास तो केवळ त्या वापरकर्त्यापुरता बसतो आणि वेगळ्या जागी साठवला जातो. ती जागा अशी : वापरकर्त्याच्या नावाचा फोल्डर, त्यात ‘ॲपडेटा’, त्यात ‘लोकल’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘विंडोज’ आणि शेवटी ‘फॉन्ट्स’. ‘ॲपडेटा’ लपवलेला असतो. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केल्यावरच तो दिसतो. एका छापखान्यात मी स्वतः मूळ ‘फॉन्ट्स’ फोल्डरची प्रत घेऊन निश्चिंत झालो होतो आणि नंतर त्यांच्या नेहमीच्या शीर्षकाचा फॉन्ट सापडेना. तो या दुसऱ्या जागी होता आणि तोपर्यंत डिस्क पुसून झाली होती. सुदैवाने त्याच गल्लीतील दुसऱ्या दुकानातील संगणकावर त्या सॉफ्टवेअरची त्यांचीच दुसरी परवानाधारक प्रत होती, म्हणून निभावले.

सॉफ्टवेअरचे लायसन्स यंत्राशी बांधलेले असल्यास, म्हणजे ते सक्रिय करताना कंपनीने त्या संगणकाची नोंद घेतलेली असल्यास, डिस्क पुसण्यापूर्वी ते त्या सॉफ्टवेअरमधूनच मोकळे करून घ्यावे. ही पायरी राहिली तर पुन्हा बसवताना ‘लायसन्सची मर्यादा संपली’ असा निरोप येतो आणि मग कंपनीला फोन करत बसावे लागते.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. अलीकडच्या लॅपटॉपांवर, विशेषतः मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला असल्यास, डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटची, म्हणजे संगणक सुरू होण्याची, रचना बदलली की संगणक ४८ अंकांची किल्ली मागतो. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, ‘डिव्हायसेस’ या भागात त्या संगणकाच्या नावाखाली मिळते. दुसऱ्या फोनवरून खात्यात जाऊन ती कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच पुढे जावे. येथे आपल्याकडील एक खास अडचण सांगितली पाहिजे. लॅपटॉप विकणारा कित्येकदा स्वतःच्याच ईमेलने खाते उघडून यंत्र सुरू करून देतो, आणि किल्ली मग त्याच्या खात्यात जाऊन बसते. खाते कोणाच्या नावाचे आहे हे ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’मध्ये पाहून घ्यावे, दुसऱ्याचे असेल तर ‘कंट्रोल पॅनेल’मधून किंवा ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधून डिस्कचे कुलूप आधी पूर्ण काढावे. त्याला तास-दीड तास लागू शकतो, पण पुढची पाचावर धारण बसण्याची वेळ टळते.

दहा दिवसांच्या आत

अपग्रेड होताना जुने विंडोज पुसले जात नाही. ते ‘सी’ ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात उचलून ठेवले जाते. मागे परतणे म्हणजे तो फोल्डर पुन्हा मूळ जागी आणणे. दहा दिवसांनी विंडोज तो आपोआप काढून टाकते. २०१६ पर्यंत ही मुदत तीस दिवसांची होती, नंतर ती कमी करण्यात आली. फोल्डर पुष्कळ गीगाबाइट जागा अडवून बसतो, म्हणून ‘सी ड्राइव्ह भरली’ असे पाहून घरातील एखादे उत्साही मूल किंवा दुकानातील ऑपरेटर ‘डिस्क क्लीनअप’ चालवतो आणि परतीची वाट चौथ्या दिवशीच बंद होते. अपग्रेडनंतर दहा दिवस कोणीही सफाई करू नये, असे संगणकावर चिठ्ठी लावून सांगितलेले चांगले.

ठरवायला आणखी वेळ हवा असेल तर मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र ती पहिल्या दहा दिवसांतच वाढवावी लागते. ‘कमांड प्रॉम्प्ट’ला उजवे क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडावे आणि पुढील आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करावी. मी ती फोनवर ज्या पद्धतीने सांगतो तशीच येथे देतो : आधी डीआयएसएम ही चार अक्षरे, मोकळी जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘ऑनलाइन’, मोकळी जागा, तिरकी रेघ, ‘सेट’, लहान आडवी रेघ आणि तिला चिकटून ‘ओएस’, ‘अनइन्स्टॉल’, ‘विंडो’ हे तीन शब्द मध्ये जागा न सोडता, मोकळी जागा, तिरकी रेघ, ‘व्हॅल्यू’, विसर्गासारखे दोन ठिपके आणि इंग्रजी अंकांत ६०. एंटर दाबल्यावर काम यशस्वी झाल्याचा निरोप आला पाहिजे. हे अपग्रेडच्या पहिल्याच दिवशी करून ठेवावे, कारण जुन्या सॉफ्टवेअरचा खरा त्रास लग्नसराई किंवा महिनाअखेर आल्यावरच कळतो.

प्रत्यक्ष परतताना ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ येथे जाऊन ‘गो बॅक’ हे बटण दाबावे. विंडोज आधी कारण विचारते, त्यात काहीही निवडले तरी चालते. मग अपडेट शोधून पाहायचे का असे विचारते, तेथे ‘नो थँक्स’ म्हणावे. पुढचा पडदा मात्र वाचावा. त्यात लिहिलेले असते की अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्राम आणि बदललेल्या सेटिंग्ज जातील, आणि काही प्रोग्राम पुन्हा बसवावे लागतील. त्यानंतरच्या पडद्यावर पूर्वीच्या विंडोजचा पासवर्ड लक्षात आहे का, अशी आठवण केलेली असते, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. विंडोज ११ मध्ये चार अंकी पिनने प्रवेश करण्याची सवय लागलेली असते आणि विंडोज १० मधील खरा पासवर्ड विसरलेला असतो. तो आठवत नसेल तर तेथेच थांबावे आणि आधी तो शोधावा किंवा बदलून घ्यावा.

अपग्रेडनंतर नवीन वापरकर्ता-खाते तयार केले असल्यास ते आधी काढून टाकावे, आणि अपग्रेड पेनड्राइव्हवरून केले असल्यास तो पेनड्राइव्ह हाताशी ठेवावा. या दोन कारणांनीही ‘गो बॅक’ अडते. बटण निस्तेज दिसत असेल तर बहुधा मुदत संपलेली आहे किंवा ‘विंडोज डॉट ओल्ड’ उडालेला आहे, आणि मग या वाटेवर अधिक वेळ घालवू नये.

विजेविषयी एक ताकीद. या कामात संगणक स्वतःच्या फाइली उचलून इकडून तिकडे ठेवत असतो आणि मध्येच ‘करंट गेला’ तर तो ना विंडोज ११ चा राहतो ना १० चा. खानापूर आणि जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते वेगळे सांगायला नको. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावूनच काम सुरू करावे. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर जोराच्या पावसाचा दिवस टाळावा. घरातला यूपीएस जुना असेल तर तो केवळ संगणकाचा भार किती मिनिटे पेलतो, हे आधी पाहून घ्यावे. पडदा काळा होऊन टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर अडलेली दिसली तरी बटण दाबून संगणक बंद करू नये. जुन्या हार्ड डिस्कच्या यंत्रावर दोन तास लागलेले मी पाहिले आहेत.

विंडोज ११ सुरूच होत नसेल तरीही हा मार्ग बंद झालेला नसतो. सुरू होताना दोन-तीन वेळा बिघडले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तेथे ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असे गेल्यावर दोन पर्याय येतात : ‘क्वालिटी अपडेट’ म्हणजे मासिक अपडेट आणि ‘फीचर अपडेट’ म्हणजे मोठी आवृत्ती. दुसरा निवडल्यास दहा दिवसांच्या आत पूर्वीचे विंडोज परत येते.

मुदत संपल्यानंतर : कोऱ्या डिस्कवर विंडोज १०

येथे ‘फॉरमॅट मारून देतो’ असे म्हणणारे अनेक भेटतात आणि काम तसे अवघडही नाही. मात्र ते कायदेशीर प्रतीवरूनच करावे. अज्ञात संकेतस्थळावरून उतरवलेले ‘ॲक्टिव्हेटेड’ विंडोज घेऊन त्यावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे स्वतःच्या हाताने कडी काढून ठेवणे होय. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विंडोज १० साठी ‘मीडिया क्रिएशन टूल’ मिळते. ते चालत्या संगणकावर उघडावे, ‘क्रिएट इन्स्टॉलेशन मीडिया’ निवडावे आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावावा. पेनड्राइव्हवरील सगळे पुसले जाते. उतरवायचा डेटा काही जीबींचा असल्याने खेड्यात फोनच्या इंटरनेटवर हा उद्योग करण्यापेक्षा बेळगावात कोणाच्या ब्रॉडबँडवर बसून पेनड्राइव्ह तयार करून आणावा.

लायसन्सची चिंता बहुतेकांना करावी लागत नाही. संगणकावर पूर्वी खरे विंडोज १० सक्रिय असेल तर त्याची डिजिटल नोंद मदरबोर्डाशी जोडलेली असते आणि इंटरनेट मिळताच ते पुन्हा सक्रिय होते. किल्ली विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ म्हणून पुढे जावे. विंडोज ८ नंतरच्या ब्रँडेड लॅपटॉपांत किल्ली यंत्रातच कोरलेली असते. महत्त्वाचे हे की प्रकार तोच निवडावा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असते, आणि त्यावर ‘प्रो’ बसवले तर ते सक्रिय होत नाही. कारखान्यातूनच विंडोज ११ घेऊन आलेला लॅपटॉप विंडोज १० वर नेण्याचा हक्क लायसन्सच्या अटींनुसार ‘प्रो’ला मिळतो, ‘होम’ला नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूटची यादी उघडणारी कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्हो यांच्या बहुतेक यंत्रांवर ती एफ १२, एचपीवर एफ ९ असते. यादीत तोच पेनड्राइव्ह कधी दोनदा दिसतो, एकदा ‘यूईएफआय’ या शब्दासह आणि एकदा त्याविना. विंडोज ११ असलेल्या संगणकावर ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळच निवडावी, अन्यथा पुढे डिस्क ‘जीपीटी’ पद्धतीची आहे म्हणून विंडोज बसवता येत नाही, असा निरोप येऊन काम अडते.

सर्वांत जास्त लोक अडतात ते डिस्क निवडण्याच्या पडद्यावर. इंटेलच्या ११व्या आणि त्यापुढील पिढीच्या प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपांवर येथे यादी पूर्ण कोरी दिसते आणि मालकाला वाटते की डिस्कच जळाली. डिस्क धडधाकट असते. ती इंटेलच्या ‘व्हीएमडी’ नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि विंडोज १० च्या पेनड्राइव्हकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर उतरवून, उलगडून, त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरात आधीच ठेवावा आणि या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखवावा. डिस्क लगेच दिसू लागते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, परंतु तसे केल्यावर आधीचे विंडोज ११ सुरू होत नाही, म्हणून बॅकअप पूर्ण झाल्याची खात्री असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. त्या मॉडेलसाठी कंपनीने विंडोज १० चे ड्रायव्हर दिलेच नसतील, तर तो लॅपटॉप विंडोज ११ वरच ठेवावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. आवाज, टचपॅड आणि बॅटरीचे व्यवस्थापन यांत रोज काहीतरी कमी पडत राहते.

डिस्क दिसल्यावर तिच्या भागांचे आकार नीट पाहावेत. एका संगणकात दोन डिस्क असतील तर नको ती डिस्क केबल काढून बाजूला ठेवणे सर्वांत सुरक्षित असते. ज्या भागावर जुने विंडोज आहे तो आणि त्यासोबतचे लहान भाग काढून, मोकळी झालेली जागा निवडून ‘नेक्स्ट’ दाबावे. विंडोज लागणारे भाग स्वतः पाडून घेते.

बसवून झाल्यावर कित्येकदा वायफाय चालत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे, इंटरनेटला ड्रायव्हर हवा, अशी गाठ बसते. ती सोडवायला अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यातील ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करावे. विंडोज १० ते बहुधा लगेच ओळखते. मग ‘विंडोज अपडेट’ चालवले की उरलेले बहुतेक ड्रायव्हर येतात. त्यानंतर फॉन्ट, डोंगल, प्रिंटर आणि टॅली या क्रमाने बसवावे, आणि प्रत्येक टप्प्यावर एक जुनी फाइल उघडून, छापून पाहावी. टायपिंगसाठी मराठी आणि कन्नड हे दोन्ही फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून त्यातच दिलेले आहेत. ‘लँग्वेज’मध्ये भाषा जोडून ते निवडले की युनिकोड कामासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही.

परतल्यानंतर

विंडोज अपडेटच्या पानावर विंडोज ११ चे आमंत्रण पुन्हा येते. तेथे ‘डाउनलोड अँड इन्स्टॉल’च्या शेजारी असलेल्या ‘स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ’ या ओळीवर क्लिक करावे. ‘प्रो’ असेल तर ‘ग्रुप पॉलिसी’मध्ये ‘विंडोज अपडेट फॉर बिझनेस’खाली आवृत्ती ठरवण्याचे धोरण आहे, ते चालू करून उत्पादन म्हणून विंडोज १० आणि आवृत्ती म्हणून २२एच२ लिहिले की आमंत्रणच थांबते. दुकानात अनेक हात एकाच संगणकावर काम करत असतील तर हे करून ठेवावेच.

आता तारखांचा हिशेब. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेटे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यानंतर घरगुती वापरकर्त्यांसाठी ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ नावाची वाढीव सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली. २२एच२ आवृत्ती असेल तर ‘विंडोज अपडेट’च्या पानावर तिची नोंदणी करण्याचा दुवा दिसतो, सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवण्यास संमती दिल्यास पैसे पडत नाहीत, अन्यथा १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरांच्या आसपासची रक्कम लागते. एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत ही सोय वापरता येते. कार्यालयाच्या डोमेनला जोडलेल्या संगणकांना ती लागू नाही. त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंतची वेगळी, विकत घ्यावयाची योजना आहे. विंडोज १० वर परतलेल्या प्रत्येकाने त्याच दिवशी ही नोंदणी करावी, आणि ज्या संगणकाची नोंदणी होत नाही त्यावरून बँकेचे आणि जीएसटीचे काम करू नये. त्याला केवळ अक्षरजुळणी आणि छपाई यांच्यापुरता ठेवावा.

सगळे सुरळीत चालू लागल्यावर बाहेरील डिस्क पुन्हा जोडावी आणि ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ या जुन्याच नावाच्या सोयीतून ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ चालवावे. फॉन्ट, ड्रायव्हर आणि प्रोग्राम यांसह संपूर्ण संगणकाची प्रत त्या डिस्कवर जाते आणि पुढच्या वेळी सगळे एकेक करून बसवण्याऐवजी तीच उतरवता येते. डिस्कवर तारीख लिहावी, बिटलॉकरची किल्ली आणि जुना पासवर्ड असलेला कागद तिच्यासोबत पाकिटात घालावा आणि पाकीट दुकानाऐवजी घरी ठेवावे.